तटाच्या पोटातील दुखणे

पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद स्वाभाविक होता. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा किल्ले महाराष्ट्रातील आणि जिंजी हा बारावा तामिळनाडूतील. गौरव झाला, पेढे वाटले गेले, भाषणे झाली. परंतु गौरवाने दगड सांधले जात नाहीत. सह्याद्रीवरचा पाऊस जागतिक वारसा यादी वाचून कोसळत नाही. प्रतापगडाच्या शेजारच्या महाबळेश्वरी वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो तीनशे वर्षांच्या चिरेबंदी कामाच्या प्रत्येक दरजेची परीक्षा घेतो. मान्यतेने जबाबदारी वाढविली आहे. ही जबाबदारी नेमकी कशाची, याचा विचार मात्र व्हावा तितका झालेला नाही.

पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गडाचा तट ढासळल्याची बातमी येते. मग पाहणी होते, अंदाजपत्रक होते, निधी मागितला जातो आणि कालांतराने पडलेला भाग उभा राहतो. लोकांचे समाधान होते. ज्याने निधी आणला त्याचे तर विशेषच. पण तट पडला का, हा प्रश्न या साऱ्या धावपळीत बहुधा विचारलाच जात नाही. दुखणे कळल्यावाचून केलेला उपचार कधी निष्फळ ठरतो, तर कधी घातक. जुन्या दगडी इमारतींच्या बाबतीत तो घातक ठरण्याचा संभव अधिक आहे, कारण या इमारतींचे दुखणे चेहऱ्यावर दिसत नाही. ते पोटात असते.

गडाची रुंद तटभिंत बाहेरून पाहणाऱ्याला ती एकसंध पाषाणाची वाटते. वस्तुतः ती तीन थरांची असते. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांचा दर्शनी थर, आतल्या अंगाला तसाच दुसरा थर आणि या दोहोंच्या मध्ये लहानमोठे धोंडे, कपऱ्या, चुना वा माती यांची भर. मधूनमधून भिंतीच्या आत खोल शिरणारे किंवा एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पोचणारे लांब दगड बसवून हे थर एकमेकांना बांधलेले असतात. भिंतीचे बळ दर्शनी दगडांच्या कठीणपणात नसून तिन्ही थरांच्या या एकजुटीत असते. जोवर ते भार मिळून वाहतात, तोवर भिंत शतकानुशतके उभी राहते. ते अलग झाले की एका भिंतीच्या दोन अशक्त भिंती होतात आणि मधली भर त्यांना आधार देण्याऐवजी बाहेर ढकलू लागते.

ही फारकत सहसा पाण्यामुळे होते. तटाच्या माथ्यावरचा चुन्याचा कोबा फुटला की पावसाचे पाणी सरळ भरीत उतरते. दर वर्षी ते चुन्याचा थोडा थोडा अंश विरघळवून नेते आणि मातीचे कण वाहून नेते. भरीत पोकळ्या पडतात, सुटे धोंडे खाली बसतात आणि पाचरीसारखे दोन्ही दर्शनी थरांना रेटतात. माथ्यावरच्या फटीत पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे वा उंबराचे बीज रुजते, आणि जे काम पाण्याने आरंभिले ते मुळे पुरे करतात. मग भिंतीला पोट सुटते. गवंडी ज्याला पोट सुटणे म्हणतात ती भिंतीची अखेरची हाक असते. त्यानंतरच्या एखाद्या आषाढात ती कोसळते आणि अतिवृष्टीमुळे तट पडला अशी नोंद होते. पाऊस निमित्त झाला. पडझड कित्येक वर्षे आतल्या आत चाललेली होती.

ही केवळ सह्याद्रीतील गोष्ट नव्हे. इटलीतील पाव्हिया या गावाचा मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ रोजी अकस्मात कोसळला आणि चार माणसे दगावली. भूकंप नव्हता, वादळ नव्हते. त्या मनोऱ्याच्या भिंतीही अशाच थरांच्या होत्या: दोन्ही अंगांना विटांची पातळ कातडी आणि मध्ये चुन्यात कालविलेली भर. शतकानुशतकांच्या सततच्या भाराने ही भिंत आतून थकत गेली होती, असा निष्कर्ष पुढे अभ्यासकांनी काढला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला, त्यातही भिंतींचा हाच दोष होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांचे दोन थर बांधणारे आरपार दगड नाहीत आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचा भार. धरणी हलताच थर अलग झाले आणि माळवद निजलेल्या माणसांवर आले. किल्ल्याचा तट, गावचा मनोरा आणि शेतकऱ्याचे घर यांत अंतर कितीही असो, भिंतीचा न्याय तिन्ही ठिकाणी एकच आहे.

दुखणे असे असताना उपाय कोणता केला जातो? दरजा खरवडून त्या सिमेंटने भरल्या जातात, कोसळलेल्या भागाचे दगड सिमेंटमध्ये रचले जातात आणि माथ्यावर काँक्रीटचा थर ओतला जातो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार आहे. पोटातली भर सुटली असताना कातडी घट्ट शिवली जाते. जुन्या बांधकामात चुन्याची दरज ही भिंतीची श्वासनलिका असते. आत शिरलेला ओलावा त्या वाटेने बाहेर पडतो आणि भिंत किंचित हलली, बसली तर चुना ते सोसून घेतो. चुना दगडाहून मऊ असतो, आणि तोच त्याचा गुण आहे. झीज व्हायची ती दरजेची होते, दगड वाचतो. दरज पुन्हा भरता येते; झिजलेला दगड पुन्हा मिळत नाही. सिमेंट या नात्याची उलटापालट करते. दरज दगडाहून कठीण आणि बंद होते, माथ्याच्या बारीक तड्यांतून पाणी शिरतच राहते आणि त्याची बाहेर पडण्याची वाट मात्र अडविली जाते.

याचा परिणाम दगडागणिक वेगळा होतो. कोकणातील जांभा सच्छिद्र आहे. सिमेंटने कोंडलेला ओलावा जांभ्याच्या अंगातूनच बाहेर पडू लागतो, सोबत क्षार आणतो आणि ते क्षार पृष्ठभागाशी स्फटिकरूप होऊन दगडाचे पापुद्रे उडवितात. काही वर्षांनी दगड आत गेलेला आणि सिमेंटच्या दरजांची जाळी तेवढी पुढे आलेली, असे विपरीत दृश्य दिसते. सागरी हवेत तर क्षारांना तोटाच नाही. देशावरच्या काळ्या पाषाणाला ही बाधा सहसा होत नाही. तो टणक असतो. पण तेथे कोंडलेले पाणी भरीत साचते आणि आतून रेटा वाढवीत राहते. बाहेरून भिंत नवी कोरी दिसत असते, म्हणून कोणी तिच्याकडे पाहतही नाही. सिमेंटची दुरुस्ती दुखणे बरे करीत नाही, इतकेच नव्हे तर ते लपविते. हे दुसरे पाप पहिल्याहून मोठे आहे.

याबद्दल केवळ इथल्या ठेकेदारांना आणि अभियंत्यांना दोष देणे न्यायाचे होणार नाही. साऱ्या जगाने ही चूक केली आहे, आणि विद्वानांच्या संमतीने केली आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे संगमरवरी दगड प्राचीन ग्रीकांनी लोखंडी कड्यांनी सांधले होते. पण त्या कड्यांभोवती त्यांनी शिसे ओतले, त्यामुळे लोखंड गंजले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने दुरुस्ती करताना नव्या लोखंडी कड्या वापरल्या आणि शिशाचे वेष्टन गाळले. लोखंड गंजून फुगले आणि अडीच हजार वर्षे टिकलेला संगमरवर काही दशकांत तडकला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली त्या कड्या काढून टिटॅनियमच्या बसविण्याचे काम हाती घ्यावे लागले, आणि ते अनेक दशके चालले. ज्या अथेन्समध्ये ही चूक झाली, त्याच अथेन्समध्ये १९३१ साली भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने प्राचीन वास्तूंच्या बळकटीसाठी सिमेंट-काँक्रीटचा विवेकाने वापर करण्यास मान्यता दिली होती. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत ही भूमिका सावध झाली: परंपरागत पद्धती अपुरी ठरेल तेथेच आधुनिक उपाय, आणि तोही ज्याची परिणामकारकता शास्त्राने व अनुभवाने सिद्ध झाली आहे असाच. जगाने ही अक्कल पदरचा दगड फोडून विकत घेतली आहे. ती आयती मिळत असताना पुन्हा तेच दगड फोडण्याचे कारण नाही.

घाई न करण्याचा धडा पिसाच्या कलत्या मनोऱ्याने दिला आहे. ११७३ मध्ये बांधकाम सुरू झाल्यावर हा मनोरा काही मजल्यांतच कलू लागला आणि पुढे प्रत्येक उपायाने त्याची प्रकृती अधिक बिघडविली. १९३४ मध्ये पायात भोके पाडून सिमेंटचा पातळ गारा भरण्यात आला, तेव्हा मनोरा सुधारण्याऐवजी आणखी झुकला. पाव्हियाच्या दुर्घटनेने धडकी भरल्यामुळे जानेवारी १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद झाला आणि मिशेले यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मनोऱ्याच्या भिंतीही दोन्ही अंगांना संगमरवर आणि मध्ये भर अशाच असल्याने, कलण्यापेक्षाही तळच्या बाजूने भिंत फुटण्याची भीती तज्ज्ञांना अधिक वाटत होती. १९९२ मध्ये त्यांनी खालच्या भागाला ताणलेल्या पोलादी तारांचे वेढे दिले, केव्हाही सोडता येतील असे. १९९३ पासून उंच बाजूच्या पायावर शिशाचे ठोकळे रचले, तेही उचलता येतील असे. सप्टेंबर १९९५ मध्ये जमीन गोठवून काम करू जाता मनोरा एका रात्रीत सरकला. काम तत्काळ थांबविले आणि शिसे वाढविले. शेवटी १९९९ ते २००१ या काळात उत्तरेकडच्या जमिनीखालून जेमतेम ३८ घनमीटर माती, थोडी थोडी करून, काढण्यात आली. शेंडा ४० सेंटीमीटरांहून अधिक मागे आला आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला. जॉन बर्लंड यांच्यासारखा मृदाशास्त्राचा तज्ज्ञ ज्या समितीत होता, तिचे बळ यंत्रांत नव्हते. आधी मोजावे, मग थोडे करावे, पुन्हा मोजावे आणि चुकल्यास मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावी, या शिस्तीत ते होते.

ती शिस्त गडकोटांना लावणे अशक्य नाही, खर्चिकही नाही. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ती फुटते की काय हे पाहणे आणि सुटलेल्या पोटाचे दर तीन महिन्यांनी माप घेणे एवढ्याने आरंभ होतो. पहिले काम माथ्याचे आणि पाण्याच्या वाटांचे: कोबा नीट करणे, जुन्या मोऱ्या मोकळ्या करणे, झुडपे मुळासकट पण दगड न उपटता काढणे. अनेक ठिकाणी एवढ्यानेच दुखणे आटोक्यात येईल. पोकळ झालेल्या भरीसाठी दरजांतून बारीक भोके पाडून, आत पाणी घालून ती धुऊन, मग चुन्याचा पातळ गारा खालून वर टप्प्याटप्प्याने भरावा लागतो. तो जोराने भरला किंवा एकाच दिवशी फार उंच भरला, तर ओल्या गाऱ्याच्या रेट्यानेच भिंत फुटेल. तटाच्या पोटात हवा पोचत नाही आणि साधा चुना हवेतील कर्बवायूवाचून घट्ट होत नाही. म्हणून त्यात विटांची बारीक भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळावी लागते. जुने कारागीर हे जाणून होते. जेथे थर सुटले असतील तेथे आरपार दगड नव्याने बसवावे लागतात. पोट सुटलेला भाग उतरवावाच लागला तर प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन तो मूळ जागी बसवावा लागतो. हे सारे वाचताना साधे वाटते. करताना त्याला सवड आणि सराव लागतो.

यावर आक्षेप घेतले जातात आणि त्यांची दखल घेणे अगत्याचे आहे. पहिला आक्षेप असा की, चुन्याचे काम महाग आणि संथ असते. ते खरे आहे. पण सिमेंटची स्वस्ताई पहिल्या देयकापुरती असते. दोन दशकांनी तेच काम उकरावे लागते आणि तेव्हा सिमेंटसोबत मूळ दगडही फुटून निघतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत माणसे राहतात. त्यांनी चुना घट्ट होईपर्यंत जीव मुठीत धरून बसावे काय? मुळीच नाही. मनुष्याचा जीव कोणत्याही वारशाहून मोलाचा आहे. तेथे धिरे लावून भार तत्काळ पेलला पाहिजे, रहिवाशांची सोय अन्यत्र केली पाहिजे आणि गरज पडल्यास लोखंड व काँक्रीटही वापरले पाहिजे. किल्लारीनंतर मराठवाड्यातील दगडी घरांसाठी भिंतीत भोक पाडून, सळई घालून काँक्रीटचा आरपार सांधा भरण्याची जी रीत सांगण्यात आली, ती घरांच्या दृष्टीने योग्यच होती. सिमेंट हा शत्रू नव्हे. विचारावाचून वापरलेले सिमेंट हा शत्रू आहे. तिसरी भूमिका आक्षेपाची नसून उत्साहाची आहे: गड पूर्वी होते तसे पुन्हा उभारावेत. ही भावना समजण्यासारखी आहे. पण नव्या दगडांनी उभारलेला दरवाजा हा आजच्या गवंड्यांचे कसब दाखवील. शिवकालाची साक्ष तो देऊ शकणार नाही. जॉन मार्शल यांनी १९२३ च्या आपल्या नियमपुस्तिकेत जुने जतन करण्यावर भर दिला होता, नवे रचण्यावर नव्हे. भग्न पण अस्सल तट हा पुरावा असतो. अखंड पण नकली तट देखावा ठरतो.

मग घोडे अडते कोठे? कायद्यात नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आहे, केंद्राचे २०१४ चे जतनविषयक धोरण आहे. यादीतील बारांपैकी आठ किल्ले केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. घोडे अडते ते कामे देण्याच्या रीतीत. दगडी तटाचे काम आणि सरकारी गोदामाचे काम एकाच साच्याच्या निविदेने दिले, कमीत कमी दराला ते मिळाले आणि मार्चअखेर निधी खर्ची टाकण्याचा तगादा लागला, की चुना मुरत घालायला सवड कोणाला? घनमीटरांत मोजलेल्या कामाचे पैसे मिळतात. काचेची पट्टी लावून वर्षभर वाट पाहिल्याचे मिळत नाहीत. न केलेल्या हानीची नोंद कोणत्याही मापपुस्तकात होत नाही. आणि हे झाले संरक्षित वास्तूंचे. ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत अशा गढ्या, बारवा, वेशी आणि मंदिरे गावोगावी आहेत. तेथे भाविकांची वर्गणी आणि सिमेंटची पोती यांच्यामध्ये उभे राहणारे कोणीच नाही.

त्याहून मोठी उणीव माणसांची आहे. कळीचा चुना विरवून, मुरवून, घाणीत मळून तो कधी उतरला हे बोटांनी ओळखणारे गवंडी आता मोजके उरले. दगडाचा पोत पाहून छिन्नी चालविणाऱ्या पाथरवटांची आणि वडारांची मुले अन्य व्यवसायांत गेली. त्यांना दोष कसा द्यावा? ज्या कसबाला समाजाने मजुरीपलीकडे काही दिले नाही, ते कसब बापाने मुलाला का द्यावे? अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अभ्यासक्रम मुख्यत्वे लोखंड आणि काँक्रीट यांभोवती फिरतो; भार पेलणाऱ्या दगडी भिंतीचे शास्त्र त्यात कोपऱ्यात पडलेले असते. परिणामी ज्याला शास्त्र ठाऊक त्याला चुना ठाऊक नाही, आणि ज्याला चुना ठाऊक त्याला सहीचा अधिकार नाही. भिंतीचे दोन थर अलग झाल्यावर जे होते, तेच येथे झाले आहे.

या दोन थरांना बांधणारे आरपार दगड बसविणे हे शासनाचे काम आहे. गडांसाठी दर विभागात चुना मुरविण्याची आणि मळण्याची कायमची सोय असावी, म्हणजे प्रत्येक ठेकेदाराला ‘चुना मिळत नाही’ ही सबब उरणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत चुनेकामाचा आणि दगडकामाचा अभ्यासक्रम असावा आणि तेथे शिकविण्याचा मान जुन्या कारागिरांना, पदवीची अट न घालता, मिळावा. वारसावास्तूंच्या निविदा गुणवत्तेवर ठराव्यात, कामाची मुदत ऋतूंप्रमाणे आखावी आणि मोजणीसाठी, देखभालीसाठी वेगळी तरतूद असावी. झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद, कोणत्या भागात काय भरले आणि का भरले यासह, लोकांना पाहता यावी. या मागण्या अवास्तव नाहीत. एका पडलेल्या बुरुजाच्या पुनर्बांधणीला लागणाऱ्या पैशात कित्येक उभ्या बुरुजांच्या माथ्यांचा कोबा नीट होऊ शकतो.

शाळांच्या सहली गडावर जातात, शिक्षक तट दाखवितात, मुले त्यावर हात ठेवतात. त्या हाताखालचा दगड ज्या हातांनी बसविला त्यांनी आपले नाव कोरले नाही. दगड टिकावा एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. पुढच्या पिढीच्या हाताखालीही तोच दगड असावा, त्याची नक्कल नव्हे, एवढे पाहणे हे या पिढीचे काम आहे. त्यासाठी मोठ्या घोषणांची गरज नाही. पाऊस येण्यापूर्वी माथ्यावर चढून पाणी कोठे मुरते आहे हे पाहावे लागेल, इतकेच.